फसलं तर काय?

डिसेंबरातल्या एखाद्या शुक्रवारच्या संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत मला रानात एकटीने राहायचंय. गेला महिनाभर त्याची तयारी चाललीय, आणि त्या तयारीत रान कमी, फोन, सातबारा आणि चौकश्याच जास्त आहेत. इंटरनेटवर 'सर्व्हायव्हल' शोधलं की एक दाढीवाला माणूस नदीत उडी मारतो आणि किडे खातो. माझ्या वहीत मात्र पहिल्या पानावर लिहिलंय: 'वनरक्षक साहेबांना हद्द विचारणे.' दुसऱ्या ओळीत: 'पाळीची तारीख बघणे.'

माझं कराडला औषधाचं दुकान आहे. गडकिल्ले कॉलेजपासून करतेय, पण ग्रुपबरोबर. म्हणजे पुढे वाट माहीत असलेला कुणीतरी, मागे स्टोव्ह आणि पातेलं वाहणारा कुणीतरी. आता मला तीन गोष्टी हाताने यायला हव्या आहेत: काडेपेटीशिवाय विस्तव, सालीचा दोर, आणि गवताच्या अंथरुणावर डिसेंबरची थंडी काढणं. तीनच. मचाण, सापळे, कंदमुळं काही नाही. दुकानात कुणी अर्धवट वाचता येणारी चिठ्ठी घेऊन आलं की मी मनात पहिल्यांदा विचारते, यात चुकलं तर काय होईल? इथेही तोच प्रश्न लावलाय. एखादं कौशल्य फसलं आणि त्याची किंमत फक्त एक वाईट रात्र असेल, तर ते एकटीने करायचं. किंमत त्याहून मोठी असेल तर त्या गोष्टीचं पक्कं सामान पाठीवर घेऊन जायचं, मग कुणी हसलं तरी चालेल.

जागा शोधण्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. आमच्याकडून पश्चिमेला निघालं की रान काही लांब नाही. पण कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालाय. तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, मुक्कामाचं तर नावच नको. राखीव जंगलातही १९२७ च्या वन कायद्यानुसार विस्तव पेटवणं, झाड तोडणं हा गुन्हा आहे. बुशक्राफ्टमधून, म्हणजे रानातल्या वस्तू वापरून रानात राहायच्या कलेतून, विस्तव आणि लाकूड वजा केलं तर उरते ती सहल. त्यामुळे मालकीचं रान हवं होतं, आणि मालक ओळखीचा हवा होता.

तो सापडला ढेबेवाडी खोऱ्याच्या वरच्या अंगाला, एका धनगरवाड्यावर. वडिलांच्या काळापासून तिथले मामा आमच्याकडे दर काही महिन्यांनी खव्याचा गोळा आणि तक्रारी घेऊन येतात. त्यांचं नाचणीचं वावर आहे, वर गवताचा पड (पडीक रान) आहे, त्याच्या वर सडा, म्हणजे माथ्यावरचं कातळाचं पठार. मी जाऊन भेटले. ओसरीवर बसल्यावर मनातलं सांगितलं. मामा बराच वेळ पायाचा अंगठा चोळत राहिले.

"एकलीच?"

"हो."

"घरात भांडान झालंया का?"

नाही म्हटलं तर मावशी आतून म्हणाल्या, "मग हितं वाड्यात झोप की. खाट हाय." आमच्या आईचंही तेच. एवढीच हौस असेल तर परड्यात झोप, म्हणाली, सकाळी चहा तरी वेळेवर मिळेल. नवरा काही बोलला नाही, फक्त माझ्या वहीत डोकावून 'गवे?' असं लिहून गेला.

गव्यांचं खरंच बघायला लागलं. पाटणच्या डोंगरात गवे आहेत, अस्वलं आहेत, बिबट्या तर आता उसातही असतो. मामांनी मला वावरात फिरवून दाखवलं, गवे कुठून उतरतात, पाण्यावर कधी येतात. झऱ्याकडे जाणारी जी मळलेली वाट मला सोयीची वाटत होती, तीच त्यांची वाट. तिच्यापासून बाजूला, वावराच्या वरच्या कोपऱ्यात, मुरमाड जागा ठरवली. जवळ वारूळ नको, कारण अस्वल वाळवी खायला वारूळ उकरतं. डोक्यावर वठलेलं झाड नको. आणि अगदी खोलगट घळही नको: अवकाळी पाऊस आला तर पाणी तिथूनच वाहणार, नाही आला तरी रात्रीची गार हवा उतारावरून सरकत तळाशीच साठते. थोडं वर झोपलं तर निम्मी थंडी खालून निघून जाते.

जागा निवडताना आणखी एक माप लावलं, आणि ते प्राण्यांसाठी नव्हतं. मी वरच्या कोपऱ्यातून कुकारा घातला आणि मामांच्या नातीला वाड्याच्या अंगणात उभी केली. ऐकू आलं तर हात वर कर, म्हटलं. आला. बायकांनी एकटीने रानात जायचं म्हटलं की भीती बिबट्याची सांगतात, सांगणाऱ्याच्या आणि ऐकणारीच्या, दोघांच्याही मनात मात्र माणूसच असतो. वाड्यावरच्या सगळ्यांना मी कोण, कुणाची, कशासाठी आलेय हे माहीत असणं हे मला मिरचीच्या स्प्रेपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. स्प्रे घेतलाय तरीही.

सातबारा बघितला, वनरक्षकांना भेटून वनखात्याच्या हद्दीचे दगड कुठे आहेत ते विचारून घेतलं. ते म्हणाले, वरच्या ओढ्यापलीकडे जाऊ नका, आणि जाळ केलात तर वावरातच करा. मी तेवढंच करणार होते, पण त्यांच्या तोंडून ऐकलेलं बरं.

आता पाणी. सह्याद्रीत पाऊस एवढा पडतो की वाटतं पाण्याला काय तोटा, पण बहुतेक ओढे दिवाळीनंतर आटायला लागतात. काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही, भेगांतून मिळेल तेवढंच. सड्याचं गणित थोडं वेगळं आहे. वर जांभा असतो, भोकाभोकांचा, तो पावसाचं पाणी पिऊन घेतो. खाली चिकण मातीचा थर लागला की पाणी आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला झरा म्हणून बाहेर येतं. मामांचा झरा तसाच आहे. कधी आटतो विचारलं तर म्हणाले, "होळीपातूर आसतंय." म्हणजे डिसेंबरला काळजी नाही. तरी चार लिटर पाणी पाठीवर नेणार आहे, आणि झऱ्याचं पाणी फडक्यातून गाळून, उकळी फुटल्यावर मिनिटभर उकळून मगच पिणार. क्लोरीनच्या गोळ्या जवळ असतीलच. म्हशी त्याच झऱ्यावर येतात, त्यांच्या शेणाशी माझं काही भांडण नाही, पण पोटाचं आहे. खड्डा खणून त्यावर प्लास्टिक ताणून पाणी 'मिळवण्याचे' जे व्हिडिओ असतात ते मी करणार नाही. खड्डा खणताना जेवढा घाम जाईल तेवढं पाणीसुद्धा हाताला लागत नाही.

विस्तवावर मी खरं तर सगळ्यात जास्त रमलेय. घर्षणाने अग्नी काढायचा मोह प्रत्येकाला होतो. यज्ञात अश्वत्थाच्या आणि शमीच्या लाकडांच्या अरणी घुसळून अग्नी काढायचे हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण त्याला लाकूड अगदी कोरडं लागतं, खांदे लागतात आणि सड्यावर पहाटे दव एवढं पडतं की चपलाही ओल्या होतात. मी चकमक निवडली. आमच्या दुकानात येणारे कितीतरी म्हातारे सांगतात, त्यांचे वडील कमरेला चकमकीची पिशवी बांधायचे: पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि कापूस. रानात गुरांमागे फिरणाऱ्या माणसाला चिलमीसाठी ती लागायचीच.

पोलाद म्हणून मी जुनी कानस वापरते, लोहाराकडून एक तुकडा तोडून, कडा घासून घेतलेली. स्टेनलेस स्टीलची सुरी इथे निरुपयोगी, तिच्यातून ठिणगी पडत नाही. कानशीचं कडक पोलाद हवं. गारगोटी आमच्याकडे बांधाबांधावर मिळते, काळ्या दगडाच्या पोकळ्यांत ती तयार होते आणि दगड झिजला की मोकळी होते. पण ओढ्यातली गुळगुळीत गोटी चालत नाही. ती फोडायला लागते, चष्मा लावून, आणि जी धार निघेल तीच कामाची. दगड पोलादापेक्षा कडक असतो, तो पोलादाचा बारीकसा सालपट खरवडतो आणि तो सालपट हवेत पेटतो. ठिणगी म्हणजे पेटलेलं लोखंड, दगडाचा त्यात फक्त दात.

ती ठिणगी झेलायला जळकं फडकं लागतं. आजोबांच्या धोतराची एक पट्टी आईने पोतेरं करायला ठेवली होती, ती मी पळवली. कापड निव्वळ सुती हवं, टेरिकॉट वितळून गोळा होतो. मलमाच्या रिकाम्या पत्र्याच्या डबीला झाकणावर खिळ्याने एक भोक पाडायचं, आत फडक्याचे चौकोनी तुकडे सैलसर भरायचे आणि डबी गॅसवर ठेवायची. थोड्या वेळाने भोकातून पांढुरका धूर सुईसारखा वर येतो. (खिडकी उघडी ठेवा, पंखा बंद. शेजारच्या काकू विचारायला आल्या होत्या, काय करपलं म्हणून.) धूर थांबला की डबी उतरवायची, आणि इथे हात आवरायचा: गार होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. उघडलं की हवा मिळते आणि सगळं आतल्या आत राख होतं. नीट झालेला तुकडा काळाकुट्ट आणि मऊ असतो, बोटाने हलकेच ओढला तर लगेच फाटत नाही. तो गारगोटीच्या धारेच्या वर, अंगठ्याखाली धरायचा आणि पोलाद वरून खाली, धारेला घासत आणायचं. ठिणगी फडक्यावर पडली तर आवाज नाही, ज्योत नाही. काळ्यावर एक लाल टिकली दिसते आणि फुंकर न घालताही पसरत जाते. मग ती सावरीच्या कापसात, काथ्याच्या घरट्यात ठेवून तोंडाशी धरायची आणि लांब, सावकाश फुंकर. घरटं हातात पेटतं त्या क्षणी ते खाली ठेवायचं भान राहायला हवं. गच्चीवर आता हे होतंय. रानात दवात, गार बोटांनी, होईलच असं नाही. फसलं तर? व्हॅसलीन चोळलेल्या कापसाचे बोळे आणि लायटर, दोन्ही झिपच्या पिशवीत. त्यामुळे रात्र गारठ्यात जाणार नाही.

पण हाच प्रश्न मी मामांसमोर मोठ्याने विचारला तेव्हा त्याचं उत्तर बदललं. मी म्हटलं, "विस्तव नाही पेटला तरी काही बिघडत नाही मामा, लायटर आहे." ते म्हणाले, "न्हाई पेटला तर न्हाई. पन इझला न्हाई तर? म्हशींनी काय खायाचं?"

वर उभं गवत आहे. डिसेंबरात ते पिवळं पडलेलं असतं, सड्यावरून वारा सुटतो, आणि एक निखारा उडाला की तो पड, त्यामागचं रान, वर्षाची वैरण, सगळं जातं. माझ्या यादीत विस्तव फसणं म्हणजे न पेटणं होतं. माझी किंमत मोजून झाली होती, त्यांची मोजलीच नव्हती आणि मोजायचा हक्क त्यांचाच होता. ती बोलणी मग बराच वेळ चालली. ठरलं असं: जाळ फक्त नाचणी काढून नांगरलेल्या वावरात, गवतापासून लांब. भोवती माती उकरून उघडी करायची. ओढ्यातले ओले दगड चुलीला लावायचे नाहीत, ते तापले की फुटतात आणि निखारे उडवतात. पाण्याने भरलेली घागर आणि भिजलेलं गोणपाट हाताशी. वारा असेल तर जाळ नाही, लायटरचाही नाही, भाकरी गार खायची. झोपायच्या आधी निखारे पसरून, पाणी ओतून, हात फिरवून बघायचं. रात्रभर शेकोटीजवळ पडून आकाश बघायचं चित्र गेलं. त्याऐवजी घोंगडी आली. मामा स्वतःची देणार आहेत. आणि मुख्य अट: मी जायचं ते त्यांचं गवत कापून, पेंढ्या वाड्यावर आल्यावर.

यामुळे अंथरुणाचाही प्रश्न सुटला, कारण कापलेलं गवत हवंच होतं. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. झोपल्यावर दबून वीतभर उरेल एवढं गवत खाली हवं, म्हणजे सुरुवातीला गुडघ्याएवढा ढीग. पण गवताच्या ढिगात उंदीर येतो आणि उंदरामागे साप. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश कधीकधी जाणवतही नाही. म्हणून गवत काठीने झोडपून त्याच दिवशी घालायचं, वर चटई, आणि मच्छरदाणी चटईखाली चारी बाजूंनी खोचायची. गवताची झोपडी बघायला छान दिसते, पण डोक्यावर मी ताडपत्रीच बांधणार. गवत शाकारणं दिवसा शिकेन, बाजूला, छोट्या आडोशावर. तो गळका निघाला तर हसून सोडून देता येईल.

सापाबद्दल दुकानातलं एक सांगायलाच हवं. दरवर्षी कुणीतरी शेतकरी येऊन विचारतो, सापाच्या इंजेक्शनची एक बाटली द्या, शेतावर ठेवतो. एका बाटलीने काही होत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच लस चालते, पण सुरुवातीलाच आठ ते दहा बाटल्या लागतात, त्या सलाइनमधून द्यायच्या असतात आणि तिचीच रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून डॉक्टर समोर हवा. त्यामुळे प्रथमोपचाराच्या पिशवीत औषध नाही, अंतर असतं. दोर आवळायचा नाही, कापायचं-चोखायचं नाही, पाय न हलवता माणूस लवकरात लवकर दवाखान्यात न्यायचा. मी जागा निवडताना वाड्यापासून गाडीरस्त्यापर्यंत चालत वेळ मोजली, डोलीतून नेलं तर किती लागेल हे मामांना विचारलं (त्यांनी नेलीयेत माणसं, त्यांना अंदाज आहे), आणि तिथून लस असलेला दवाखाना कुठला ते फोन करून पक्कं केलं. निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा करणार, कारण साठा रोज सारखा नसतो. १०८ ला वाडीचं नाव नाही कळणार, म्हणून खालच्या शाळेचं नाव सांगायचं हेही लिहून ठेवलंय.

आग्या मोहोळाचंही बघून घेतलं. सड्याच्या कड्याला पोळी लटकलेली असतात, आणि खालून धूर गेला की माश्या उठतात. वावर कड्यापासून पुरेसं लांब आहे. अत्तर, सेंट लावायचं नाही, एवढंच.

दोराचं थोडक्यात. मामांच्या बांधावर घायपात आहे आणि रानाच्या कडेला केवण. केवणीची साल पाण्यात भिजवली की आतले धागे सुटतात. दोन पदर एकाच बाजूला पिळायचे आणि एकमेकांभोवती उलट्या बाजूला गुंडाळायचे, म्हणजे पीळ सुटत नाही. मावशी ते बोलता बोलता, मांडीवर, न बघता करतात. मी बघून करते आणि तरी दोर कुठे जाड कुठे बारीक. ताडपत्रीचा मधला दोर नायलॉनचाच असेल, कडेच्या खुंट्यांना माझा. खाजकुहिलीच्या शेंगा त्या दिवसांत वाळलेल्या असतात, वेल ओळखता येत नसेल तर झाडीत हात घालू नये, खाजवून हैराण व्हायला होतं.

खाणं मुद्दाम कंटाळवाणं ठेवलंय: भाकरी, चटणी, तांदूळ, मूगडाळ, गूळ. फास लावणं हा माझा प्रांत नाही, आणि साधा ससासुद्धा संरक्षित आहे. कडू करांदा वेलावर दिसेल, पण त्याच्या चकत्या शिजवून, वाहत्या पाण्यात ठेवून कडवटपणा काढायचं ज्यांना येतं त्यांनीच तो खावा. आवळे मिळाले तर खाईन. मावशी दूध पाठवणार आहेत आणि त्यांना नाही म्हणायची माझी हिंमत नाही, म्हणजे माझ्या सर्व्हायव्हलमध्ये सकाळचं निरसं दूध आहे, हे आधीच कबूल.

हत्यार म्हणून कोयता आहे, लोहाराने ट्रकच्या पाट्याचा केलेला. हल्ली कोयता म्हटलं की लोकांना पेपरातल्या बातम्या आठवतात, तेव्हा तो गोणपाटात गुंडाळून, एसटीत बॅगेच्या तळाशी. कोयता हा एकटीच्या सहलीतला सगळ्यात धोक्याचा प्राणी आहे. अंधारात चालवायचा नाही, दमल्यावर चालवायचा नाही, आणि लाकूड मांडीवर ठेवून तासायचं नाही.

भावाच्या फ्रिजवर एक कागद लावलाय. वावरात रेंज नाही, सड्याच्या टोकाला आहे. सकाळी सात आणि संध्याकाळी पाचला मी टोकावर जाऊन त्याला मेसेज करणार. संध्याकाळचा साडेसहापर्यंत आला नाही तर त्याने मामांच्या मुलाला फोन करायचा, मुलाने वर येऊन बघायचं. मी जागेवर नसेन तर ११२, आणि त्याच्याखाली महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा नंबर. भाऊ म्हणाला, रेंज नसल्याने मेसेज नाही आला आणि तू आरामात भात खात असलीस तर? तर मामांचा मुलगा भाताला बसेल, म्हटलं.

भाच्याला बरोबर यायचंय. त्याला नाही म्हणून झालंय, पुढच्या वेळी दोघांचं वेगळं नियोजन करू. कोयत्याला धार लावून घ्यायची आहे, जळक्या फडक्याची आणखी एक डबी करायची आहे, मच्छरदाणीला एक भोक आहे ते शिवायचंय. तारीख अजून ठरलेली नाही. गवत कापून झालं की मामा फोन करतो म्हणालेत.